कडी बाहेरून असलेली खोली

आजच्या भागात योजनेची माहिती नाही, कर्जाचं गणित नाही आणि लोणच्याची कृतीही नाही. आज एका कादंबरीची गोष्ट सांगायची आहे. ही कादंबरी सव्वादोनशे वर्षांपूर्वी इंग्लंडमधल्या एका बाईने लिहिली आणि तिकडच्या बायकांनी ती रात्री जागून, एकमेकींना वाचून दाखवून, घाबरत घाबरत वाचली. कशासाठी? तर मजा म्हणून. दुसरं काही कारण नव्हतं.

हे मुद्दाम सांगते, कारण आपल्या हातात जो कागद येतो तो नेहमी कामाचा असतो. बचत गटाचं इतिवृत्त, बँकेचा अर्ज, शेळीपालनाची पुस्तिका, मुलांचं प्रगतिपुस्तक. बाईने वाचलं तर त्याचा काही उपयोग झाला पाहिजे, असं सगळ्यांनी धरलेलंच असतं. दुपारी एखादी नुसती गोष्टीचं पुस्तक घेऊन बसली, तर दारावरून जाणारा विचारतोच, "आज काही काम नाही वाटतं?" हा प्रश्न आपल्याच गावचा नाही आणि आजचाही नाही. त्या इंग्लिश बायकांनाही तो ऐकावा लागत होता.

कादंबरीचं नाव 'द मिस्टरीज ऑफ उडॉल्फो', म्हणजे उडॉल्फोची रहस्यं. ती १७९४ साली लंडनमध्ये चार भागांत छापली गेली. लेखिका अ‍ॅन रॅडक्लिफ. अशा पुस्तकांना गॉथिक कादंबऱ्या म्हणतात. गॉथिक हे मुळात जुन्या युरोपातल्या टोकदार कमानींच्या इमारतींचं नाव. जुने किल्ले, मठ, तळघरं, भुयारं, विझणारे दिवे आणि मध्यरात्रीचे आवाज यांच्या गोष्टी म्हणून त्या गॉथिक. आपल्याकडे पडका वाडा म्हटलं की अंगावर काटा येतो ना, तोच प्रकार. या तऱ्हेची पहिली कादंबरी होरेस वॉलपोल नावाच्या एका श्रीमंत गृहस्थाने १७६४ च्या डिसेंबरात छापली. त्याच वर्षी जुलैत लंडनमधल्या एका दुकानदाराच्या घरी अ‍ॅनचा जन्म झाला होता. पुढे या गोष्टींची सम्राज्ञी झाली ती हीच.

अ‍ॅनचं लग्न १७८७ मध्ये झालं. नवरा विल्यम वर्तमानपत्रात काम करायचा, त्यामुळे रात्री उशिरा घरी यायचा. मूलबाळ नव्हतं. एकटीने संध्याकाळ कशी काढायची, म्हणून ती शेकोटीजवळ बसून लिहायला लागली. असं सांगतात की नवरा घरी आला की ती लिहिलेली पानं त्याला वाचायला द्यायची आणि ती वाचून तोच घाबरायचा. तिची पहिली कादंबरी १७८९ मध्ये आली, तीही नाव न घालता. पाच वर्षांनी 'उडॉल्फो' आली तेव्हा प्रकाशकाने तिला पाचशे पौंड दिले आणि १७९७ च्या 'द इटालियन' या कादंबरीला आठशे. ही रक्कम केवढी होती ते एका उदाहरणावरून कळेल. पुढे जगभर गाजलेली जेन ऑस्टिन हिने १८०३ मध्ये आपली एक कादंबरी प्रकाशकाला विकली, ती अवघ्या दहा पौंडांना.

आता गोष्ट ऐका.

साल १५८४, मुलूख फ्रान्सचा. एमिली नावाची मुलगी नदीकाठच्या एका घरात आईवडिलांबरोबर सुखात असते. आधी आई जाते. वडिलांचे पैसे दुसऱ्याच्या दिवाळखोरीत बुडतात आणि प्रवासात तेही जातात. मरताना ते एमिलीला सांगतात, घरात एका फळीखाली काही कागद लपवलेले आहेत, ते न वाचता जाळून टाक. ती जाळते, पण जाळताना एका ओळीवर तिची नजर पडते. त्या ओळीत काय होतं ते लेखिका आपल्याला सांगत नाही. झालं, तिथपासून पुस्तक हातातून सुटत नाही.

पोरकी एमिली आत्याकडे राहायला जाते. आत्या विधवा, पैसेवाली, जरा दिमाख मिरवणारी. एमिलीचं वालांकूर नावाच्या तरुणावर प्रेम असतं आणि लग्नही ठरत आलेलं असतं. तेवढ्यात आत्या स्वतःच मोंतोनी नावाच्या इटलीतल्या एका रुबाबदार माणसाशी लग्न करते. मोंतोनी एमिलीचं लग्न मोडतो आणि दोघींना घेऊन आधी व्हेनिसला, मग डोंगरातल्या उडॉल्फोच्या किल्ल्यात जातो. संध्याकाळची वेळ, सूर्य बुडतोय आणि त्या अंधारात तो काळा, प्रचंड किल्ला समोर येतो. तिथवर पोचलं की वाचणारीचेही हातपाय गार पडतात.

किल्ल्यात एमिलीला जी खोली मिळते तिला दोन दारं असतात. दुसरं दार एका अंधाऱ्या जिन्यावर उघडतं. रात्री झोपताना एमिली पाहते, तर त्या दाराला आतून कडीच नाही. कड्या आहेत, पण त्या बाहेरून. म्हणजे आतल्या बाईला दार लावता येत नाही, बाहेरच्याला मात्र ते बंद करता येतं. ती दाराला जड खुर्ची लावते आणि तशीच आडवी होते.

आमच्या गटात हप्ते गोळा झाले की मी दर बैठकीत या गोष्टीचा एकेक तुकडा सांगत होते. या जागी आले तेव्हा एक मावशी पटकन म्हणाल्या, "कडी बाहेरून? मग ती खोली कसली, कोठडीच की!" पूर्ण पुस्तकाचा अर्थ त्या एका वाक्यात आला.

या किल्ल्यात एक चित्र आहे, काळ्या पडद्याने झाकलेलं. एमिली धीर करून पडदा बाजूला करते आणि आत जे दिसतं ते पाहून बेशुद्ध पडते. काय दिसलं? लेखिका पुन्हा गप्प. थेट पुस्तकाच्या शेवटापर्यंत ती वाचणारीला टांगून ठेवते. मीही थोडा वेळ ते सांगणार नाही.

आता खरा मुद्दा. मोंतोनीने आत्याशी लग्न कशासाठी केलं? तिच्या जमिनीसाठी. तो आतून कर्जबाजारी असतो. आत्याने लग्नाआधी आपल्या काही जमिनी कागदोपत्री स्वतःकडे राखून ठेवलेल्या असतात. मोंतोनी म्हणतो, सही कर, त्या माझ्या नावावर कर. आत्या नाही म्हणते. तो रागावतो, धमकावतो आणि शेवटी तिला एका बुरुजात कोंडून ठेवतो. तिथे ती आजारी पडते आणि हाल होऊन मरते, पण सही करत नाही. सुरुवातीला वाचणारीला मुळीच न आवडलेली ही दिमाखी बाई मरताना एकदम मोठी वाटायला लागते.

आत्यानंतर त्या जमिनी एमिलीच्या होतात आणि आता कागद तिच्यापुढे येतो. वीस वर्षांचीही नसलेली पोर त्या माणसाला तोंडावर सांगते की कायदा मलाही कळतो, मी सही करणार नाही. मग मोंतोनी तिच्यावरचं संरक्षण काढून घेतो. किल्ल्यात दारू पिऊन हिंडणारे त्याचे सोबती असतात आणि दाराची कडी बाहेरून असते. त्या भीतीने शेवटी एमिली कबूल होते, मात्र मला फ्रान्सला परत पाठवायचं, या अटीवर. ती सही करते. सही झाल्यावर मोंतोनी सांगतो की पाठवणार नाही, तुला फसवण्याशिवाय दुसरा इलाज नव्हता.

हा भाग मी सांगितला त्या दिवशी बैठकीत कुणी काही बोललं नाही. मग एकीने हळूच सांगितलं, "वडिलांच्या तेराव्यानंतर भावाने कागद आणला होता. मी अंगठा दिला. काय लिहिलंय ते विचारलंही नाही." तिला कुणी बुरुजात कोंडलं नव्हतं. 'माहेर तुटेल' एवढी भीती पुरेशी झाली.

आता इतिहासाकडे येऊ. १७९४ मध्ये ही कादंबरी वाचणाऱ्या इंग्लिश बाईची स्थिती काय होती? तिथल्या कायद्याप्रमाणे लग्न झालं की बाईचं वेगळं कायदेशीर अस्तित्वच नवऱ्यात मिसळून जायचं. तिचे पैसे, दागिने, तिने कमावलेली मजुरी, सगळं नवऱ्याचं. जमिनीचा ताबा आणि उत्पन्नही त्याच्याकडे. श्रीमंत घरची माणसं लग्नाआधी करार करून मुलीसाठी काही राखून ठेवायची, जसं गोष्टीतल्या आत्याचं होतं. गरीब आणि मध्यम घरातल्या बाईला ती सोय नव्हती. गंमत बघा, अ‍ॅन रॅडक्लिफने रात्री जागून कमावलेले ते पाचशे पौंडसुद्धा कायद्याच्या नजरेत तिच्या नवऱ्याचेच होते. तिचा नवरा चांगला होता. पण नवरा चांगला निघाला हे नशीब झालं, तो हक्क नव्हे.

इंग्लंडमधल्या लग्न झालेल्या बाईला स्वतःची कमाई स्वतःकडे ठेवण्याचा हक्क १८७० च्या कायद्याने मिळाला आणि सगळ्या मिळकतीचा हक्क १८८२ च्या कायद्याने. म्हणजे 'उडॉल्फो' छापली गेल्यावर ८८ वर्षांनी.

म्हणून मला वाटतं, त्या बायका घाबरत होत्या त्या नुसत्या भुतांना नव्हेत. रॅडक्लिफची खुबी अशी की तिच्या पुस्तकात भूत शेवटी भूत निघतच नाही. रात्रीचे आवाज, हलणारे पडदे, एका वाड्यात झपाटलेली खोली, या प्रत्येकाचं साधं कारण शेवटी कळतं. झपाटलेल्या खोलीत तर भुयारातून येणारे दरोडेखोर आपला माल लपवत असतात. सगळी भुतं खोटी निघतात, पण मोंतोनी आणि त्याचा कागद मात्र खरा असतो. इटलीतला किल्ला आणि दोनशे वर्षांपूर्वीचा काळ घेऊन लेखिकेने वाचणारीला तिच्याच घरातली भीती दाखवली. तीही उपदेश न करता, गोष्टीच्या मजेत. इटली तर तिने स्वतः पाहिलेलीही नव्हती. ते डोंगर आणि किल्ले तिने चित्रांवरून आणि प्रवासवर्णनांवरून उभे केले.

त्या बायकांना ही पुस्तकं मिळायची कशी? नवी कादंबरी महाग असायची, विकत घेणं बहुतेकींना परवडत नसे. पण गावोगावी वर्गणीची वाचनालयं निघाली होती. वर्गणी भरायची आणि एकेक भाग घरी न्यायचा. लंडनमध्ये विल्यम लेन नावाच्या माणसाने तर असं वाचनालयही चालवलं आणि 'मिनर्व्हा प्रेस' हा छापखानाही. या छापखान्यातून अशा कादंबऱ्या धडाधड निघत आणि त्यातल्या कितीतरी बायकांनी लिहिलेल्या असत. घरात एकजण मोठ्याने वाचायची आणि बाकीच्या शिवणटिपण करत ऐकायच्या. आपल्याकडे निवडण-टिपण करताना एकीने गोष्ट सांगावी तसंच.

आणि नावं ठेवणारे? ते भरपूर होते. कादंबऱ्यांनी मुली बिघडतात, त्यांच्या डोक्यात वेड्या कल्पना शिरतात, घरकामातलं लक्ष उडतं, असं उपदेशक आणि मासिकवाले लिहीत राहिले. खुद्द रॅडक्लिफने १७९७ नंतर नवी कादंबरी छापली नाही, तेव्हा लोकांनी उठवलं की भुताखेतांचं लिहून लिहून तिला वेड लागलं. ती मेली असंही पसरलं. ती बिचारी आपल्या घरी नवऱ्याबरोबर शांतपणे राहत होती, दम्याने आजारी असायची आणि १८२३ मध्ये वारली. जास्त वाचणारी किंवा लिहिणारी बाई वेडी होणार, हे लोकांनी आधीच ठरवून टाकलेलं असतं.

या नावं ठेवणाऱ्यांना उत्तर दिलं जेन ऑस्टिनने. तिच्या 'नॉर्थँगर अ‍ॅबी' या कादंबरीतली कॅथरीन नावाची साधीभोळी मुलगी 'उडॉल्फो' वाचून वेडावलेली असते. पाऊस असला की ती आणि तिची मैत्रीण दार लावून एकत्र कादंबऱ्या वाचत बसतात आणि त्या काळ्या पडद्यामागे काय असेल यावर बोलतात. गंमत म्हणजे तिथला शहाणासुरता तरुण, हेन्री, सांगतो की मीही हे पुस्तक दोन दिवसांत संपवलं. पुढे कॅथरीन हेन्रीच्या घरी जाते आणि तिला संशय येतो की त्याच्या वडिलांनी बायकोचा खून केला असावा. तो संशय खोटा ठरतो आणि ती लाजते. पण पुढे तोच म्हातारा, ही मुलगी श्रीमंत नाही एवढं कळल्याबरोबर तिला एकटीला, सोबतीशिवाय, घराबाहेर काढतो. खून झालेला नव्हता, पण पैशासाठी तो कोणत्या थराला जाईल याचा पोरीला आलेला वास खरा होता. हीच ती दहा पौंडांना विकलेली कादंबरी. विकत घेणाऱ्याने ती छापलीच नाही. ऑस्टिनच्या भावाने ती परत विकत घेतली आणि ती बाहेर आली १८१७ च्या डिसेंबरात. ऑस्टिन त्याच वर्षी जुलैत वारली होती.

त्याच काळात मेरी वुलस्टनक्राफ्ट नावाच्या बाईने याच भीतीवरचा किल्ल्याचा पडदा काढून टाकला. तिच्या १७९८ साली छापलेल्या अपुऱ्या कादंबरीत नवराच बायकोला वेड्यांच्या खासगी इस्पितळात कोंडतो आणि त्यामागे पैसाच असतो. त्या गोष्टीत जुना किल्लाही नाही आणि इटलीही नाही. इंग्लंड आणि त्याच दिवसांतला काळ. तिचीच मुलगी मेरी शेली. तिची 'फ्रँकेन्स्टाइन' ही जगप्रसिद्ध गॉथिक कादंबरी १८१८ मध्ये छापली गेली.

आपल्याकडेही वाचणाऱ्या बाईची कहाणी वेगळी नव्हती. रमाबाई रानडे लग्न होऊन न्यायमूर्ती रानड्यांच्या घरी आल्या १८७३ मध्ये. नवरा शिकवत होता, पण घरातल्याच बायका त्यांना वाचण्यावरून टोमणे मारत, अबोला धरत. हे त्यांनी आपल्या १९१० मध्ये छापलेल्या आठवणींत लिहून ठेवलं आहे.

जमिनीचं म्हणाल, तर महाराष्ट्राने हिंदू वारसा कायद्यात दुरुस्ती करून वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलासारखा हक्क दिला तो १९९४ मध्ये. 'उडॉल्फो' छापली गेली त्याला तेव्हा बरोबर दोनशे वर्षं झाली होती. त्या दुरुस्तीतून आधी लग्न झालेल्या मुली वगळल्या होत्या. २००५ च्या केंद्राच्या दुरुस्तीने हा हक्क देशभर आला आणि लग्न झालेल्या मुलींनाही मिळाला. कायदा झाला, तरी हक्कसोडपत्राचा कागद बहिणीपुढे येतोच. कुणी राजीखुशीने सोडत असेल तर तो तिचा निर्णय. पण दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात सही करण्याआधी कागद पूर्ण वाचून घ्यावा, दुसऱ्या कुणाकडून वाचून घ्यावा आणि आज नको वाटत असेल तर "उद्या सांगते" म्हणावं. आत्याने आणि एमिलीने एवढं तरी नक्कीच शिकवलं.

आता थांबा. मी म्हणाले होते, मजा म्हणून वाचायचं, आणि पुन्हा उपयोगावर आलेच की काय? तसं नाही. ही कादंबरी मी उपयोगासाठी हातात घेतली असती, तर पन्नास पानांत ठेवून दिली असती. त्यात डोंगरदऱ्यांची वर्णनं पानंच्या पानं आहेत आणि मधेमधे कविताही आहेत. बी.ए.च्या इंग्रजीच्या जोरावर आणि शेजारी शब्दकोश ठेवून मी ती गेल्या पावसाळ्यात रोज रात्री दहा-दहा पानं करत वाचली. कंटाळा आला की चार ओळी सोडल्या. मजेसाठी वाचताना परीक्षा नसते, हे फार सुख आहे. वीज गेली की मेणबत्तीच्या उजेडात वाचायला तर आणखी रंगत. त्या मजेच्या ओढीनेच मी त्या कागदाच्या प्रसंगापर्यंत पोचले. तोच प्रसंग कुणी प्रशिक्षणात फळ्यावर लिहून दिला असता, तर वहीत उतरवून घेतला असता आणि विसरले असते. गोष्टीत मात्र मी एमिलीबरोबर त्या खोलीत होते.

एमिलीचं पुढे काय झालं? ती मोलकरणीच्या आणि दोघा विश्वासू माणसांच्या मदतीने किल्ल्यातून पळते. मोंतोनी कैदेत मरतो, आत्याच्या जमिनी एमिलीला मिळतात आणि बऱ्याच गैरसमजांनंतर वालांकूरशी लग्न होऊन ती आपल्या नदीकाठच्या घरी परत येते.

आणि काळ्या पडद्याआड? सांगतेच. तिथे सडत चाललेल्या प्रेतासारखी दिसणारी मेणाची मूर्ती होती. किल्ल्याच्या एका जुन्या मालकाने चर्चचा अपराध केला होता. त्याचं प्रायश्चित्त म्हणून त्याला ती रोज पाहायला लागायची. आणि त्याने मृत्युपत्रात लिहून ठेवलं होतं की वंशजांनी ती मूर्ती जपून ठेवावी, नाहीतर जमिनीचा ठरावीक भाग चर्चला जाईल. म्हणजे पडदा उचलला तरी मागे पुन्हा एक कागद आणि पुन्हा जमीनच! हे ऐकून आमच्या गटातल्या बायका किती हसल्या म्हणून सांगू.

तर मैत्रिणींनो, पुढच्या बैठकीत हप्ते झाले की अर्धा तास गोष्टीला ठेवा. गावात किंवा शेजारच्या गावात सार्वजनिक वाचनालय असेल, तर गटातल्या एकीने सभासद व्हावं आणि बाकीच्यांनी ऐकावं. मराठीत अंगावर काटा आणणारं हवं असेल, तर नारायण धारप आहेत, रत्नाकर मतकरींच्या गूढकथा आहेत. जिला वाचता येतं तिने मोठ्याने वाचावं, जिला येत नाही तिने "पुढे काय?" विचारावं. आणि दारावरून जाणाऱ्याने विचारलंच, "आज काही काम नाही वाटतं?" तर खुशाल सांगा, "आहे की. गोष्ट ऐकतेय."